दहा टनांत एक किलो



आपल्या या पत्रिकेत उसाच्या जाती, खतांच्या मात्रा, ठिबक आणि हंगामाचे आकडे यांना जागा द्यायची आणि खेळाच्या बातम्या दैनिकांवर सोपवायच्या, असा आमचा आजवरचा रिवाज आहे. या अंकात तो आम्ही मोडत आहोत. ज्या शर्यतीविषयी आज लिहायचे आहे ती इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी झाली. पण तिच्यात धावलेला गडी ज्या तालुक्यातला आहे, त्या तालुक्यातल्या टोळ्या दर साल दिवाळीच्या सुमारास आपल्या फडात येऊन उतरतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई ही गावे आपल्यापैकी कितीकांनी पाहिलेली नसतील, परंतु मुकादमांच्या तोंडून त्यांची नावे ऐकली नाहीत असा सभासद सापडायचा नाही.

या गड्याचे नाव अविनाश मुकुंद साबळे. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. शर्यत होती राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतील पुरुषांची ३००० मीटर स्टीपलचेस, आणि दिवस ६ ऑगस्ट २०२२, शनिवार. आपला कारखाना तेव्हा बंद होता, मशिनरीची दुरुस्ती चालू होती. आमच्यापैकी काहीजण ऑफिसातल्या टीव्हीसमोर उभे राहिले ते 'दोन मिनिटे बघू' म्हणून, आणि शर्यत संपेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही.

शर्यत कसली?

स्टीपलचेस हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही, म्हणून आधी त्याविषयी सांगतो. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. जुन्या काळी आयर्लंड-इंग्लंडच्या खेड्यांतून घोडेस्वार अशी पैज लावीत की, या गावच्या मनोऱ्यापासून त्या गावच्या मनोऱ्यापर्यंत कोण आधी पोचतो. मध्ये रस्ता असेलच असे नाही. बांध, कुंपणे, ओढे, दगडी गडगे जे काय आडवे येईल ते ओलांडायचे आणि नजर समोरच्या मनोऱ्यावर ठेवायची. पुढे हीच शर्यत माणसे आपल्या पायांनी धावू लागली आणि शेतातून ती मैदानावर आली. ऑलिंपिकमध्ये ३००० मीटरचे अंतर १९२० सालच्या अँटवर्पच्या स्पर्धेपासून चालत आले आहे.

मैदानावर आता बांध नाहीत, ओढेही नाहीत, पण त्यांच्या जागी लाकडी अडथळे आहेत. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३ फूट. नेहमीच्या हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो आणि धावणारा पुढे जातो. इथला अडथळा ८० ते १०० किलो वजनाचा असतो. त्याला गुडघा लागला तर तो हलत नाही, माणूस पडतो. असे २८ अडथळे ओलांडायचे. शिवाय ७ वेळा पाण्याचा अडथळा असतो. तिथे आडव्या लाकडाच्या पलीकडे १२ फूट लांबीचा पाण्याचा खड्डा खणलेला असतो. लाकडाच्या लगत तो सर्वांत खोल आणि पुढे हळूहळू उथळ होत जातो. ज्याची उडी लांब जाईल त्याला पाणी कमी लागेल. ज्याची उडी तोकडी पडेल तो खोल पाण्यात उतरेल, बूट भिजून जड होतील आणि तेच जड बूट घेऊन पुढच्या फेऱ्या धावायच्या.

एकूण हिशेब असा की, साधारण साडेसात फेऱ्या, ३५ उड्या, अंतर ३ किलोमीटर, आणि हे सगळे सव्वाआठ मिनिटांच्या आत. आपल्यापैकी ज्यांनी रात्रीच्या पाळीचे पाणी धरताना अंधारात बांध ओलांडून पाटात पाय घातला आहे, त्यांना या शर्यतीचे मर्म फोडून सांगायला नको. दम राखायचा, पाऊल मोजायचे, आणि अडथळा जवळ आला म्हणून वेग कमी होऊ द्यायचा नाही.

केनियाची मक्तेदारी

या शर्यतीवर आफ्रिकेतील केनिया या देशाचे राज्य किती पक्के होते ते कळल्याशिवाय बर्मिंगहॅमला काय घडले ते कळणार नाही.

१९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमोस बिवॉट या केनियाच्या धावपटूने सुवर्णपदक मिळवले. तेव्हापासून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये केनिया उतरला, त्या त्या वेळी स्टीपलचेसचे सोने केनियालाच गेले. १९७६ आणि १९८० या दोन वेळी केनियाने बहिष्कार घातला होता, तेवढेच काय ते इतरांच्या वाट्याला आले. ही साखळी शेवटी टोकियोला २०२१ साली मोरोक्कोच्या सुफियान एल बक्काली याने तोडली.

राष्ट्रकुल स्पर्धेत तर याहून कडक कारभार होता. १९९८ ते २०१८ या काळात ६ स्पर्धा झाल्या. त्यांत या शर्यतीची सुवर्ण, रौप्य आणि कांस्य मिळून १८ पदके दिली गेली. ती अठराच्या अठरा केनियाच्या धावपटूंनी नेली. दुसऱ्या कोणत्या देशाच्या माणसाला पदकाचा वाससुद्धा लागला नाही.

बर्मिंगहॅमला केनियाने तीन गडी उतरवले होते. कॉन्सेस्लस किप्रुटो हा २०१६ चा ऑलिंपिक विजेता, दोन वेळचा जगज्जेता आणि मागच्या राष्ट्रकुल स्पर्धेचाही विजेता. अब्राहम किबिवॉट हा २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील रौप्यपदक विजेता. तिसरा आमोस सेरेम, वयाने लहान, पण वीस वर्षांखालील गटाचा जगज्जेता. पदके तीन आणि केनियाचे गडीही तीन. बाकीच्यांनी फक्त धावून यायचे, असाच तो मामला दिसत होता.

आठ मिनिटे आणि अकरा सेकंद

बंदुकीचा आवाज झाला आणि अपेक्षेप्रमाणे केनियाचे तिघे पुढे झाले. त्यांच्या मागे चौथा अविनाश. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, चित्र तेच. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "चौथा येतोय गडी. चौथ्याला काय मिळतं?" कुणी उत्तर दिले नाही.

पण नीट पाहणाराला एक गोष्ट दिसत होती. अविनाश मागे पडत नव्हता. पुढच्या तिघांची पाठ त्याच्यापासून जेवढी दूर होती तेवढीच राहत होती. दोन किलोमीटर संपले तरी तो चौथाच होता, पण अजून त्यांच्या मागोमाग होता. आता साखळीला ताण बसू लागला. सर्वांत मोठ्या नावाचा किप्रुटो ढिला पडला आणि मागे गेला. मग अविनाशने तरुण सेरेमला गाठले आणि त्याच्याही पुढे पाऊल टाकले. आता पुढे एकटा किबिवॉट.

शेवटची फेरी, पाण्याचा शेवटचा अडथळा, आणि मग शेवटचा सरळ पल्ला. अविनाश एकेक पाऊल जवळ येत होता. ऑफिसात खुर्च्या मागे सरकल्या. दुरुस्तीच्या कामावरचे फिटर हातातले पाने घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. शेवटच्या काही पावलांत दोघांमध्ये अंतर आहे की नाही हेच कळेना. मग दोघांनी रेषा ओलांडली.

अब्राहम किबिवॉट, ८ मिनिटे ११.१५ सेकंद. अविनाश साबळे, ८ मिनिटे ११.२० सेकंद. तिसरा आलेला सेरेम ८ मिनिटे १६.८३ सेकंदांवर, म्हणजे अविनाशच्या साडेपाच सेकंदांहून अधिक मागे. ऑलिंपिक विजेता किप्रुटो पदकांत नव्हता. चोवीस वर्षांत आणि सहा स्पर्धांत जे पदक केनियाबाहेर गेले नव्हते, त्यांतले एक मांडव्याला आले.

काट्याचा हिशेब

शर्यत संपल्यावर चहा झाला आणि आपल्याकडे होते तशी चर्चाही झाली. एक वडीलधारे सभासद काही कामासाठी आले होते, ते म्हणाले, "ते सगळं खरं, पण सोनं हुकलंच की हो. पाच पॉइंटानं का होईना, दुसरा तो दुसराच."

काट्यावरचे आमचे एक जुने कारकून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी कागद ओढला आणि आकडे मांडले. शर्यत ४९१ सेकंदांची. फरक सेकंदाच्या शंभर भागांतल्या पाच भागांचा. भागाकार केला तर दहा हजारांत एक. मग त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "आप्पा, दहा टनांची खेप काट्यावर घातली आणि वजनात एक किलोचा फरक पडला, तर तो एवढा फरक. आपल्या काट्याला तो दिसतसुद्धा नाही."

अंतरात मोजले तर तो फरक जेमतेम फूटभर येतो. तीन हजार मीटर, पस्तीस उड्या, आणि शेवटी एक फूट.

आप्पा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक किलोसाठी आम्ही काट्यावर भांडत नाही. पण ह्यो भांडला की!" त्यांच्या या बोलण्यावर सगळे हसले, आणि सोने-रौप्याचा विषय तिथेच मिटला.

मांडव्याचा मुलगा

आता हा अविनाश कोण, ते सांगितले पाहिजे. वाचकांनी एक लक्षात घ्यावे की, आम्ही त्याला एकेरीत लिहितो ते केवळ आपुलकीपोटी.

त्याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आष्टी तालुका म्हणजे पावसाच्या भरवशावरचा, हलक्या जमिनीचा मुलूख. आईवडील वीटभट्टीवर कामाला जात. शाळा घरापासून ६ किलोमीटर आणि गाडीची सोय नाही. म्हणून लहान वयापासून हे पोरगं शाळेला चालत आणि बरेचदा पळत जाई. धावपटू व्हावे म्हणून कुणी त्याला पळवले नाही, उशीर होऊ नये म्हणून तो पळत होता.

बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. घराला आधार पाहिजे होता आणि सैन्यातली नोकरी म्हणजे खात्रीचा पगार. पहिली नेमणूक सियाचीनच्या बर्फात. नंतर राजस्थानचे वाळवंट, त्यानंतर सिक्कीम. २०१५ साली सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींत तो धावू लागला. तिथे प्रशिक्षक अमरीश कुमार यांची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांच्या सांगण्यावरून तो स्टीपलचेसकडे वळला. म्हणजे वयाची विशी ओलांडेपर्यंत या शर्यतीशी त्याचा संबंधच नव्हता. उशिरा लावलेला प्लॉटही मशागत नीट झाली तर टनेज देतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

थोडे थोडे करून एकवीस सेकंद

आमच्या मते अविनाशच्या कारकिर्दीतली शिकण्यासारखी गोष्ट पदकापेक्षा वेगळी आहे, आणि ती शेतकऱ्याला चटकन समजेल.

भारताचा या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम राजस्थानचे गोपाल सैनी यांच्या नावावर होता. त्यांनी तो १९८१ साली टोकियोत ८ मिनिटे ३०.८८ सेकंद अशी वेळ देऊन केला होता. तो ३७ वर्षे कुणाला मोडता आला नाही. २०१८ साली भुवनेश्वरला अविनाशने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ दिली आणि तो मोडला. म्हणजे सुधारणा किती, तर एका सेकंदाहून थोडी जास्त.

त्यानंतर २०१९ च्या मार्चमध्ये ८ मिनिटे २८.९४. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत ८ मिनिटे २५.२३, आणि अंतिम फेरीत ८ मिनिटे २१.३७. मग २०२१ मध्ये ८ मिनिटे २०.२०, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२. २०२२ च्या मार्चमध्ये तिरुवनंतपुरमला ८ मिनिटे १६.२१, जूनमध्ये मोरोक्कोतील रबातला ८ मिनिटे १२.४८, आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला ८ मिनिटे ११.२०. म्हणजे बर्मिंगहॅमची वेळ हा त्याचा नववा राष्ट्रीय विक्रम होता. दहावा २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला झाला, ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा. सैनींच्या विक्रमापासून मोजले तर एकूण सुधारणा जवळजवळ २१ सेकंदांची.

एकदम उडी कुठेच नाही. कधी एक सेकंद, कधी दोन, कधी चार. आपल्याकडे साखर उतारा असाच वाढतो. उतारा ०.१ टक्क्याने वाढला असे आम्ही अहवालात लिहितो तेव्हा पुष्कळ सभासद पान उलटतात. पण ०.१ टक्का म्हणजे टनामागे १ किलो साखर, आणि ५ लाख टन गाळपावर ५ हजार क्विंटल. दर साल एवढे एवढे साधले तर दहा वर्षांनी माणूस मागे वळून पाहतो आणि म्हणतो, अरे, आपण कुठून कुठे आलो! अविनाशनेही घड्याळाकडून असेच थोडे थोडे घेतले.

पडणे, अडखळणे

हे सगळे सरळ रेषेत झाले असे मात्र कुणी समजू नये. २०१९ साली दोहाला प्राथमिक फेरीत पुढचा धावपटू पडल्यामुळे त्याची वाट अडली आणि तो अंतिम फेरीच्या बाहेर राहिला. भारतीय पथकाने तक्रार केली, पंचांनी चित्रण पाहिले आणि त्याला अंतिम फेरीत घेतले. त्याच अंतिम फेरीत त्याने ऑलिंपिकची पात्रता मिळवली. २०२१ ला टोकियोत राष्ट्रीय विक्रम करूनही तो आपल्या गटात सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली.

बर्मिंगहॅमच्या जेमतेम १९ दिवस आधी, १८ जुलै २०२२ रोजी, अमेरिकेत यूजीन येथे जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. सगळे एकमेकांकडे बघत धावले. पहिला आलेला एल बक्कालीसुद्धा ८ मिनिटे २५ सेकंद एवढ्या संथ वेळेत आला. शेवटी जो झपाटा सुरू झाला त्यात अविनाश मागे राहिला आणि ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. तीन आठवडेही झाले नाहीत, तर त्याच माणसाने त्याहून २० सेकंद कमी वेळेत शर्यत संपवली. १९ दिवसांत पायांत नवे बळ येत नाही. बळ आधीच होते, यूजीनला ते बाहेर काढायची वेळ हुकली आणि बर्मिंगहॅमला ती हुकू द्यायची नाही हे त्याने ठरवले असावे, असे आम्हांस वाटते.

पुढे १ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. एशियाडच्या पुरुष स्टीपलचेसमध्ये भारताला सोने मिळाले ते पहिलेच. तिथे तो इतका पुढे होता की, शेवटच्या पल्ल्यात मागे वळून पाहायला त्याला सवड मिळाली. त्याच स्पर्धेत ५००० मीटरचे रौप्यही त्याने घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला आणि ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. त्याच अंतिम फेरीत जागतिक विक्रम ज्याच्या नावावर, तो इथिओपियाचा लमेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. ८० किलोचा अडथळा कुणाचे नाव पाहत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत स्वतः अविनाशच्या गुडघ्याला मार बसला आणि त्याचा तो हंगाम तिथेच संपला.

स्त्रियांतही आपल्याच दुष्काळी भागाने हे करून दाखवले आहे, तेही इथेच नोंदवतो. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. माण काय किंवा आष्टी काय, पाऊस दोघांनाही सारखाच चुकवतो.

आपल्या फडातली पोरं

आता ज्या कारणासाठी हे पान घेतले तिकडे वळतो.

मागच्या हंगामात, जानेवारीत, आम्ही एका सभासदाच्या फडात गेलो होतो. तोडणी जोरात चालू होती. पुरुष तोडत होते, बाया मोळ्या बांधत होत्या. एवढ्यात एक दहाबारा वर्षांचा मुलगा हातात पाण्याचा कॅन घेऊन लांबून पळत आला. मध्ये पाट होता. न थांबता त्याने बांधाच्या कडेवर एक पाय दिला आणि कॅनसकट पलीकडे उडी घेतली. थेंबही सांडला नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"कुठला रे तू?"

"आष्टीकडचा."

"कितवीला आहेस?"

"सातवीला."

"मग शाळा?"

"गावाला गेल्यावर."

"गावाला कधी जाणार?"

"पट्टा पडल्यावर."

म्हणजे एप्रिल उजाडणार, आणि तोवर वर्ष संपलेले. आम्ही विचारले, "अविनाश साबळे माहीत आहे का?" पोराच्या तोंडावर हसू आले. "आमच्याकडचाच हाय की तो," म्हणाला आणि रिकामा कॅन घेऊन परत पळाला.

त्याच्या आईला विचारले, मुलाला गावी का ठेवले नाही? ती बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, "कुणापाशी ठेवावं, साहेब? म्हातारी व्हती, ती गेली." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेस्तोवर दोघांनाही फड सोडता येत नाही. मग पोर मागे कसे राहणार?

सभासद बंधूंनो, हे वाचून 'त्यात आमचा काय दोष' असे काहींना वाटेल. दोष कुणाला द्यायचा म्हणून आम्ही लिहीत नाही. अविनाशच्या गोष्टीतला एक दुवा आम्हांला दाखवायचा आहे. तो वीटभट्टीवरच्या आईबापांचा मुलगा. पण सहा किलोमीटर पळून का होईना, तो शाळेत जात राहिला आणि बारावी झाला. बारावीनंतर सैन्य, सैन्यातून क्रॉसकंट्री, क्रॉसकंट्रीतून स्टीपलचेस, आणि स्टीपलचेसमधून बर्मिंगहॅम. यातला पहिला दुवा म्हणजे शाळा. तो निसटला असता तर पुढचे काहीच घडले नसते, आणि काय घडले नाही हे आपल्याला कळलेसुद्धा नसते. किती पोरांच्या बाबतीत ते कळले नसेल, त्याचा हिशेब कुठल्या वहीत आहे?

प्रत्येक पोर धावपटू होणार नाही, व्हायलाही नको. कुणी फिटर होईल, कुणी नर्स होईल, कुणी आपल्याच कारखान्यात केमिस्ट म्हणून येईल. पण सातवी अर्धी राहिलेल्या पोराच्या हाती शेवटी कोयताच येतो.

यात सभासदाला करता येण्यासारखे जे आहे ते थोडके आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यातही जवळच्या शाळेत घ्यावे लागते. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. हंगामापुरते गाव सोडणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आपल्या राज्यात आहे, म्हणजे इकडच्या शाळेतली हजेरी तिकडच्या शाळेत धरली जाते. मूळ गावी हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. हे सगळे कागदावर आहे. फडापासून शाळेपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर मात्र कागद चालत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. आपल्या उसाला तोड आली आणि टोळी शेतात उतरली की, टोळीबरोबर शाळेच्या वयाची मुले किती, हे सभासदाने मुकादमाला विचारावे आणि आपल्या गटाच्या शेतकी ऑफिसात त्यांची नावे, वय आणि इयत्ता कळवावी. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींच्या कानावर घालावे. आपली स्वतःची पोरे मोटारसायकलवरून शाळेला जात असतील तर वाटेत फडावर थांबून एखाद्याला मागे बसवून न्यावे. आणि फडात पाणी आणायला पोर लागतेच असे वाटत असेल, तर बांधावर एक ड्रम आपणच भरून ठेवावा.

तो सातवीचा मुलगा यंदा आठवीत असायला पाहिजे. यंदाही त्या टोळीचा करार आपल्याकडे झाला आहे असे कळते. टोळी आली की आम्ही त्या फडात जाणार आहोत, आणि तो तिथे दिसू नये एवढीच इच्छा आहे. दिसलाच, तर शाळा किती वाजता भरते ते आम्ही आधीच विचारून ठेवले आहे.

येता गाळप हंगाम आपणां सर्वांस सुखाचा जावो.